मुका मार

आपल्या मराठीत 'मुका मार' असा एक शब्द आहे. रक्त येत नाही, कातडे फाटत नाही, हाड मोडल्याचे दिसत नाही आणि तरीही आत कुठेतरी लागलेले असते, तो मुका मार. पडण्या-धडपडण्याचे प्रसंग कोणत्या घरात होत नाहीत? अशा वेळी घरातले एखादे वडीलधारे माणूस पुढे होते, लागलेली जागा चाचपून पाहते आणि 'काही नाही, मुका मार आहे' असा निकाल देऊन टाकते. निकाल ऐकून सगळ्यांना हायसे वाटते. मग सहाणेवर आंबेहळद उगाळली जाते, लेप लागतो, गरम दुधाचा पेला पुढे येतो आणि प्रकरण मिटते.

वास्तविक या शब्दाने माणसाने सावध व्हायला हवे. उघडी जखम आपली हकिगत आपणच सांगते. जो मार मुका, त्याची हकिगत कोणी सांगायची? आगगाडीच्या आणि पुढे मोटारीच्या अपघातांतून 'सुखरूप' उतरलेल्या माणसांपुढे बसून वैद्यांनी हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सोडवत आणला. त्याची गोष्ट आज सांगायची आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर अपघाताची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळी म्हणजे प्रवासाचे दिवस. आणि आमच्या घरात ही गोष्ट दिवाळीतच सुरू झाली.

१९६३ साल. आम्ही तेव्हा वाईला राहत होतो आणि मी नऊ वर्षांचा होतो. भाऊबीजेला मामा पुण्याहून येणार होता. एरवी तो एस. टी.ने येई, पण त्या वर्षी त्याच्या एका मित्राने जुनी मोटार घेतली होती आणि दोघे मोठ्या ऐटीत तिच्यातून निघाले होते. खंबाटकी घाटातल्या एका वळणावर मागचे चाक घसरले आणि गाडी कडेच्या दगडी कठड्यावर जाऊन धडकली. वेग फारसा नव्हता. एक दिवा फुटला, मडगार्ड वाकले. मामाचे डोके दाराच्या चौकटीवर, कानाच्या वरच्या अंगाला आपटले. क्षणभर डोळ्यांपुढे काळोख आला, एवढेच. गाडी चालू झाली आणि अकराच्या सुमारास दोघे आमच्या दारात हजर झाले.

"ताई, अगं काही नाही, मुका मार आहे," मामा हसत म्हणाला. आईने टेंगूळ चाचपले, आजीने हळद लावली. मामाने ओवाळून घेतले, जेवताना करंज्या मागून मागून खाल्ल्या आणि कठड्याची हकिगत तीनदा सांगितली. दर वेळी कठडा थोडा उंच होत गेला आणि दरी थोडी खोल! संध्याकाळी त्याचे डोके दुखू लागले. मग एक उलटी झाली. "तेलकट-तुपकट फार झालं, पित्त उसळलं असेल," असे म्हणून आजीने आमसुलाचे सार दिले. मामा लवकर आडवा झाला. रात्री तो मोठमोठ्याने घोरू लागला, तेव्हा आम्ही मुले हसलो. आईने आम्हांला दटावले. "दमलाय बिचारा. उठवू नका त्याला," ती म्हणाली.

सकाळी मामा उठला नाही. डॉक्टर आले तोवर सगळे संपले होते. मामाचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते.

या गोष्टीला साठांहून अधिक वर्षे झाली. त्या दिवशी आमच्या घरात कोणी निष्काळजी नव्हते. माया होती, शुश्रूषा होती, पथ्यही होते. नव्हती ती एकच गोष्ट. मुका मार पुढे कसा बोलू लागतो, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते.

* * *

वैद्यकशास्त्राला मात्र ते पूर्वीपासून ठाऊक होते. झाँ-लुई पेती (१६७४–१७५०) या फ्रेंच शस्त्रवैद्याने अठराव्या शतकातच एक भेद दाखवून दिला होता. डोक्याला मार लागताच येणारी बेशुद्धी निराळी. ती मेंदू हादरल्यामुळे येते. पण माणूस आधी शुद्धीवर असतो, बोलतो, चालतो आणि काही वेळाने गुंगत जातो, ती बेशुद्धी निराळी. कवटीच्या आत रक्त साठून त्याचा दाब मेंदूवर पडू लागल्याची ती खूण असते. आघात आणि गुंगी यांच्या मधला जो बरा वाटणारा काळ, त्याला पुढे डॉक्टर 'शुद्धीचा अवकाश' अशा अर्थाच्या नावाने ओळखू लागले.

असे का होते, तेही समजण्यासारखे आहे. कानाच्या वर आणि किंचित पुढे कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रोहिणी गेलेली असते. हाडाला बारीकशी चीर गेली तरी ती रोहिणी फाटू शकते. रक्त कवटी आणि मेंदूचे वेष्टन यांच्या मध्ये साठत जाते. कवटी ही बंद पेटी. तिला फुगता येत नाही. पहिले काही तास मेंदू सांभाळून घेतो आणि मामा करंज्या खातो. मग डोके दुखते, उलटी होते, झोप अनावर होते, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसू लागते आणि श्वास घोरण्यासारखा जड होतो. वेळेवर कवटीला भोक पाडून ते रक्त काढून टाकले, तर माणूस पुष्कळदा पूर्ण बरा होतो. या विकाराचे दुःख हेच, की तो जितका घातकी तितकाच उपायाला वश आहे. तेथे प्रश्न असतो तो केवळ वेळेचा.

पण पेतीचे हे ज्ञान शस्त्रवैद्यांच्या ग्रंथांत राहिले. 'अपघातातून धडधाकट उतरलेला माणूसही आजारी असू शकतो' हा विचार सामान्य लोकांत आणि कचेऱ्यांत पोचला, तो आगगाडी आल्यावर. त्यापूर्वी माणूस घोड्यावरून पडे, गाडीतून पडे. पण शेकडो माणसांना एकाच क्षणी एकच हिसका बसावा, हा प्रकार नवीन होता.

९ जून १८६५ रोजी इंग्लंडमध्ये स्टेपलहर्स्ट गावाजवळ असाच एक अपघात झाला. फोक्स्टनहून लंडनकडे निघालेली ही गाडी बोटीच्या उतारूंसाठी सोडलेली होती, म्हणून तिची वेळ भरती-ओहोटीप्रमाणे रोज बदलत असे. पुलाच्या दुरुस्तीवर असलेल्या मुकादमाने वेळापत्रक पाहण्यात चूक केली आणि गाडी आली तेव्हा पुलावरचे रूळ उखडलेलेच होते. डबे खाली नदीच्या पात्रात कोसळले. दहा माणसे दगावली. पहिल्या वर्गाचा एक डबा पुलावर लोंबकळत राहिला. त्यात चार्ल्स डिकन्स हे विख्यात कादंबरीकार होते.

डिकन्स यांना खरचटलेसुद्धा नव्हते. ते डब्यातून बाहेर पडले, खाली उतरले, आपल्या टोपीत पाणी भरून आणून त्यांनी जखमींना पाजले, जवळची ब्रँडी घोटघोट दिली. काही माणसे त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. मग डब्यात राहिलेले आपल्या चालू कादंबरीचे हस्तलिखित आठवले, तेव्हा पुन्हा त्या लोंबकळत्या डब्यात चढून ते घेऊन आले. याहून शाबूत माणूस तो कोणता?

पण पुढच्या काही दिवसांत त्यांच्या हाताला कंप सुटला; पत्रे दुसऱ्याकडून लिहवून घ्यावी लागली. आगगाडीत बसले, की अकारण धास्ती वाटू लागे. गाडीला जरासा हिसका बसला तरी ते दोन्ही हातांनी आसन घट्ट धरून ठेवत, अशी आठवण त्यांच्या मुलाने लिहून ठेवली आहे. ९ जून १८७० रोजी, म्हणजे त्या अपघाताला बरोबर पाच वर्षे झाली त्याच तारखेला, ते वारले. मृत्यू पक्षाघाताने आला. अपघातानेच त्यांना नेले असे म्हणणे रास्त होणार नाही. परंतु पूल ओलांडून आलेला तो माणूस पूर्वीचा राहिला नव्हता, एवढे खरे.

* * *

डिकन्स यांच्यासारख्यांची संख्या त्या काळी बरीच होती. गाडीतून चालत उतरलेली माणसे चार-आठ दिवसांनी पाठ धरली, झोप उडाली, हात-पाय बधिर होतात, लक्ष लागत नाही, म्हणून डॉक्टरांकडे येत. तपासून पाहावे तर शरीरावर ओरखडा नाही! रेल्वे कंपन्या म्हणत, ही सारी नुकसानभरपाईसाठी केलेली ढोंगे आहेत. रोगी कोर्टात जाऊन शपथेवर सांगत, की आम्ही अपघातापूर्वी असे नव्हतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलातील शस्त्रवैद्य जॉन एरिक एरिक्सन यांनी १८६६ साली या रोग्यांची बाजू घेऊन व्याख्यानांचे एक पुस्तकच प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी घड्याळाचा मोठा मार्मिक दाखला दिला आहे. एका नामांकित घड्याळजीचे म्हणणे असे, की घड्याळ पडून त्याची काच फुटली, तर आतली यंत्रे बहुधा शाबूत असतात. पण काच न फुटता घड्याळ आपटले, तर ते हमखास बंद पडते. काच फुटताना आघाताचा जोर काचेवर खर्ची पडतो. काच वाचली, तर तो सगळा आत जातो. मुक्या माराचे याहून सोपे चित्र मला तरी कोठे सापडले नाही.

एरिक्सन यांची समजूत अशी होती, की धक्क्याने पाठीचा कणा आणि त्यातील मज्जारज्जू यांना हळूहळू दाह होतो. 'रेल्वेचा कणा' असे या दुखण्याचे नावच पडले. १८८३ साली हर्बर्ट पेज यांनी त्यावर ग्रंथ लिहून जोरदार आक्षेप घेतला. कण्याला काही झालेले दिसत नाही. ही करणी भीतीची आहे, असे त्यांचे प्रतिपादन. पेज हे एका मोठ्या रेल्वे कंपनीचेच शस्त्रवैद्य होते, तेव्हा त्यांच्या म्हणण्यात मालकाचा स्वार्थ शोधणारेही निघाले. आज मागे वळून पाहता दोघेही अर्धे-अर्धे बरोबर होते असे दिसते. कणा कुजतो हे एरिक्सन यांचे अनुमान टिकले नाही. पण रोगी खोटे बोलत नाही, हा त्यांचा विश्वास टिकला. आणि भीतीने शरीर आजारी पडते हे पेज यांचे म्हणणे पुढच्या शतकात लढायांतून परतलेल्या सैनिकांनी सिद्ध करून दाखवले.

पुढे आगगाडीच्या जागी मोटार आली आणि हाच वाद कण्यावरून मानेवर आला. १९२८ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे डॉ. हॅरोल्ड क्रो यांनी अस्थिवैद्यांच्या एका सभेत मोटार-अपघातात मान दुखावलेल्या आठ रोग्यांची माहिती सांगितली. बोलता बोलता त्यांनी एक उपमा वापरली: मान चाबकासारखी मागे-पुढे फटकारली जाते. मूळ उपमा होती मानेच्या हालचालीची. पण लोकांनी ते दुखण्याचे नाव करून टाकले आणि डॉक्टर, वकील, विमा कंपन्या सगळेच ते वापरू लागले. आपण तो शब्द वापरला हे दुर्दैव झाले, असे पुढे खुद्द क्रो यांनीच म्हटले!

उपमा मात्र चपखल होती. आपली मोटार सिग्नलला उभी आहे आणि मागून दुसरी येऊन धडकली, असे समजा. आसन आपल्या धडाला पुढे ढकलते. डोक्याला मात्र कोणीच ढकललेले नसते. चार-साडेचार किलोचे ते ओझे जागच्या जागी राहू पाहते. मधल्या मध्ये मान मागे ओढली जाते आणि लगेच पुढे फेकली जाते. १९५५ साली कॅलिफोर्नियात मुद्दाम मोटारींवर मोटारी आदळवून त्याची चलच्चित्रे घेण्यात आली, तेव्हा असे आढळले, की मोटारीला बसतो त्याहून मोठा हिसका डोक्याला बसतो, आणि तोही किंचित उशिरा. म्हणून मोटारीला पोचा आला नाही यावरून माणसाला लागले नाही, असा हिशेब करता येत नाही. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या आसनांना डोके टेकण्याची सोय सक्तीची झाली, ती यासाठीच. पुष्कळ लोक ती उशी शोभेची समजून मानेपर्यंत खाली उतरवून ठेवतात. ती डोक्याच्या मागे, डोक्याच्याच उंचीवर असली तरच कामाची.

हे दुखणे बहुधा त्याच दिवशी जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना मान वळत नाही, तेव्हा कळते. पूर्वी अशा माणसाच्या गळ्यात पट्टा बांधून त्याला आठवडेच्या आठवडे निजवून ठेवीत. १९९५ साली कॅनडातील क्वेबेक येथे तज्ज्ञांच्या एका गटाने याविषयीचे सारे संशोधन तपासले आणि उलटा निष्कर्ष काढला. मोडतोड झालेली नाही याची डॉक्टरांनी खात्री केल्यावर मानेला हळूहळू हालचाल द्यावी, नित्याची कामे सुरू करावीत. बहुतेक लोक त्यानेच बरे होतात. मात्र आधी खात्री आणि मग हालचाल, हा क्रम महत्त्वाचा. आपल्याकडे तो उलटा असतो. मान धरली, की प्रथम तेल लावून चोळणे, मग कोणी मान मोडून 'कट्‌' असा आवाज काढून देणारा, आणि त्यानेही भागले नाही तर डॉक्टर. खेडोपाडीच्या हाडवैद्यांचे हात कुशल असतात, हे मी नाकारत नाही. पण अपघातानंतर न तपासलेली मान कोणाच्याही हातात देऊ नये.

* * *

आता पुन्हा डोक्याकडे येऊ. पेतीने रोग ओळखला, पण कवटीच्या आत डोकावून पाहायचे कसे? १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि हाडे दिसू लागली. मेंदू आणि त्याच्यावर साठलेले रक्त मात्र त्या चित्रात दिसत नसे. म्हणून मामाच्या काळी इस्पितळातही मुख्य उपाय एकच होता. रोग्याला ठेवून घ्यायचे, ठरावीक वेळाने उठवायचे, नाडी मोजायची, बाहुल्या पाहायच्या, नाव-गाव विचारायचे.

मग एक गंमत झाली. ज्यांच्या कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्या आपल्या घरोघरी वाजत, त्याच ई. एम. आय. या ब्रिटिश कंपनीत गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाचे एक इंजिनिअर होते. डॉक्टरीशी त्यांचा काही संबंध नव्हता. अनेक बाजूंनी क्ष-किरण सोडून संगणकाकडून हिशेब करवून घेतला, तर शरीराचा आडवा छेद चित्रात उमटवता येईल, अशी त्यांची कल्पना. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली इस्पितळात त्यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले. तेच आजचे सी. टी. स्कॅन. १९७९ सालचे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्याबरोबर मिळाले. मामा गेल्यानंतर आठच वर्षांनी मुका मार डोळ्यांना दिसू लागला होता.

यंत्र आले म्हणून रोग्याशी बोलण्याचे महत्त्व संपले नाही. १९७४ साली ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट या दोघा डॉक्टरांनी एक साधी मोजपट्टी तयार केली. रोगी डोळे उघडतो का, बोलतो ते सुसंगत आहे का, सांगितल्याप्रमाणे हात-पाय हलवतो का, या तिन्हींना गुण द्यायचे. सर्वांत कमी ३, सर्वांत जास्त १५. एका पाळीच्या परिचारिकेने १५ लिहिले आणि दुसरीने १३, तर काही तरी घडत आहे हे तत्काळ कळते. जगभरच्या इस्पितळांत आजही ही मोजपट्टी वापरतात.

मग प्रत्येक धक्क्यानंतर इस्पितळ गाठायचे का? लहानशा धडकेतून बाहेर पडलेले बहुतेक लोक खरोखरच ठीक असतात, हेही सांगितले पाहिजे; नाही तर हा लेख वाचून लोक मोटारीत बसायचे सोडतील. पण काही खुणा अशा आहेत, की त्या दिसल्यावर घरात चर्चा करीत बसू नये. शुद्ध हरपणे, मग ती क्षणभर का असेना, आघाताच्या आधीचे काही आठवेनासे होणे, दोनदा किंवा अधिक वेळा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, अवेळी गुंगी, बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, बोलणे अडखळणे, हाता-पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, नाका-कानातून पाण्यासारखे काही गळणे. वय पासष्ट वा त्याहून अधिक असेल, किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर खुणांची वाटसुद्धा पाहू नये. गर्भवतीने बरे वाटत असले तरी दाखवून यावे. आणि पोट विसरू नये. व्होल्वो कंपनीचे निल्स बोहलिन यांनी १९५९ साली दिलेल्या तीन टोकांच्या पट्ट्याने असंख्य प्राण वाचवले आहेत. पण त्या पट्ट्याचा वळ पोटावर उमटला असेल आणि पोट दुखत असेल, तर आत प्लीहा किंवा आतडे दुखावल्याची शंका घ्यावी. प्लीहेचा रक्तस्राव कधी कधी काही दिवसांनीही सुरू होतो.

* * *

येथवर झाली ती वैद्यकाची बाजू. पण माणसाने इस्पितळात जायचे ठरवले, तरी इस्पितळाने त्याला आत घेतले पाहिजे! आपल्या देशात या दुसऱ्या गोष्टीला पहिलीपेक्षा कमी वेळ लागला नाही.

मुंबईचे जे. जे. इस्पितळ १८४५ सालचे, पुण्याचे ससून १८६७ सालचे. मोटारींसाठी कायदा झाला तो १९१४ साली, आणि पुढे अधिक विस्तृत असा १९३९ साली. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य त्या १९३९ च्या कायद्याने मोटार चालवणाऱ्यावर घातले होते. पण जखमीला दारात आणल्यावर डॉक्टरने काय करावे, याविषयी कायदा गप्प होता. परिणामी 'ही पोलीस केस आहे, आधी पोलिसांत जा', 'आमच्याकडे अशा केसेस घेत नाहीत, मोठ्या इस्पितळात न्या' हे शब्द जखमींच्या नातेवाइकांच्या कानांवर वर्षानुवर्षे पडत राहिले. कोर्टाच्या फेऱ्या कोणी मारायच्या, ही धास्ती डॉक्टरांना होती, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांनाही होती.

मोटारीच्या धडकेने जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला कोणा भल्या माणसाने उचलून जवळच्या इस्पितळात नेले. तेथील डॉक्टरांनी, अशा केसेसची परवानगी असलेल्या सुमारे २० किलोमीटरवरच्या दुसऱ्या इस्पितळात न्यायला सांगितले. तो वाटेतच मरण पावला. वर्तमानपत्रात आलेल्या या बातमीचे कात्रण जोडून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्या. रंगनाथ मिश्र आणि न्या. ओझा यांनी निकाल दिला, की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जखमीचा जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य. पोलिसांचे सोपस्कार मागाहून. १९९४ साली मोटार वाहन कायद्यातच दुरुस्ती होऊन, सोपस्कारांची वाट न पाहता उपचार करण्याचे बंधन डॉक्टरांवर आले. १९९६ साली न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात, सरकारी इस्पितळाने वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे सांगितले. ३० मार्च २०१६ रोजी जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूला संरक्षण देणाऱ्या नियमांवर न्यायालयाची मोहोर उमटली, आणि २०१९ साली ते संरक्षण कायद्यात आले. आज जखमीला इस्पितळात सोडणाऱ्यावर नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते-अपघातातील जखमींसाठी, नेमलेल्या इस्पितळांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत बिनपैशांच्या उपचारांची योजना अधिसूचित केली.

तेव्हा 'पोलीस केस होईल' या भीतीने दुखणे अंगावर काढण्याचे कारण उरलेले नाही. डॉक्टर अपघाताची नोंद करतात आणि पोलिसांना कळवतात, पण ते उपचारांच्या आड येता कामा नये. उलट पहिल्या दिवशीचा तो कागद पुढे मोलाचा ठरतो. एरिक्सन यांच्या रोग्यांना कोर्टात जे सिद्ध करता करता नाकी नऊ येत, ते असा एक कागद सहज सिद्ध करतो.

* * *

पुष्कळ वर्षांनी आमच्या नात्यातला एक मुलगा डॉक्टर झाला. तो घरी आला असता आईने त्याला भाऊबीजेच्या त्या दिवसाची सारी हकिगत सांगितली आणि विचारले, "मी त्याला उठवलं असतं, तर वाचला असता का रे?"

तो मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काकू, उठवून तुम्ही काय करणार होतात? पुणं पन्नासांवर मैल. मोटार नाही, रात्रीची वेळ. कदाचित वाचला असता, कदाचित नसता. खरं सांगायचं तर संध्याकाळी उलटी झाली तेव्हाच निघायला हवं होतं. पण ते तुम्हांला कोणी सांगितलं होतं?"

आई काही बोलली नाही. पण त्या भाऊबीजेनंतर तिने एक व्रत धरले होते. घरातले कोणीही डोक्यावर पडले, मग ते पोर झोपाळ्यावरून पडलेले असो की माणूस सायकलवरून, ती त्याच्या उशाशी बसून राही. तासातासाने दिवा मोठा करून त्याला हलवून उठवी आणि विचारी, "तुझं नाव काय? आज वार कोणता?" आम्ही चिडत असू, हसतही असू. कवटीच्या आतले दाखवणारी यंत्रे आज जिल्ह्याच्या गावी आली आहेत; तरीसुद्धा डोक्याला मार लागलेल्या माणसाला घरी पाठवताना डॉक्टर बजावतात, की पहिले चोवीस तास याच्याजवळ कोणी तरी जाणते माणूस असू द्या.

या दिवाळीत कोणाच्या मोटारीला कोठे धक्का लागू नये. पण लागलाच, तर 'काही नाही, मुका मार आहे' असे म्हणून झोपी जाण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना दाखवून यावे. आणि त्या रात्री कोणी तरी उशाशी बसून वार विचारला, तर चिडू नये. नीट उत्तर द्यावे.